उलट्या फासाची गाठ

सोनूबाईच्या उजव्या अंगठ्याचं नख आष्टीच्या आसपासच्या चार गावांत माहीत होतं. बाकीच्या बोटांची नखं ती बारीक कापायची, पण हे एक श्रावणाच्या आधीपासून वाढवायची, दगडावर घासून कडेनं पातळ करायची आणि त्याला इतकं जपायची की भांडी घासायची वेळ आली की थेट सुनेला हाक. सून शीतल म्हणायची, "आत्याबाईंचं नख म्हंजी आपल्या घरातलं सहावं माणूस हाय." म्हणताना तिच्या कपाळाला आठी असायची, पण बोलणं काही खोटं नव्हतं.

कपाशीचं संकरित बियाणं यंत्रातून निघत नाही, बायकांच्या बोटांतून निघतं. ऊन कललं की पऱ्हाटीच्या झाडावर उद्या उमलणाऱ्या कळ्या शोधायच्या. कळीच्या बुडाशी अंगठ्याचं नख रोवून पाकळ्या आणि आतले परागाचे पिवळे दाणे एका वळशात सोलून काढायचे, मधली नाजूक काडी तेवढी उभी ठेवायची आणि खूण म्हणून देठाला लाल दोरा बांधायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या तुकड्यातून दुसऱ्या वाणाची नर फुलं आणायची आणि लाल दोरा दिसेल तिथं काडीवर फिरवायची. याला सगळे क्रॉसिंग म्हणतात. कळीत पिवळे दाणे मागं राहिले की ती आपल्याच परागानं फळते, सरकी भेसळीची निघते, आणि अशी बोंडं वाढली की कंपनी अख्खा प्लॉट नापास करते.

सोनूबाईचा मुलगा बबलू याच्या शेतात असा प्लॉट होता. बारा बाया, आणि त्यांची म्होरकी सोनूबाई. सव्वीस वर्षं तिच्या ओळीत कुणाला खोट सापडली नव्हती. आणि यंदा तिला पिवळा दाणा दिसतच नव्हता.

अक्षय्य तृतीयेपासून डोळ्यांपुढं पातळ ताक धरल्यासारखं झालं होतं. माणसं दिसायची, झाडं दिसायची, कळीसुद्धा दिसायची. कळीच्या आत मात्र नुसता धुरळा. तिनं कुणाला सांगितलं नाही. सांगितलं की जालन्याला न्यायचे, मोतीबिंदू म्हणायचे, ऑपरेशन करून महिनाभर धूळ-ऊन बंद करायचे, म्हणजे हंगाम गेला. आणि एक हंगाम आपल्यावाचून निभावला, तर पुढच्या हंगामाला आपल्याला कोण विचारतं? शेजारच्या द्वारकाबाईचं तिनं पाहिलं होतं. गुडघे गेले तेव्हा पोरांनी द्वारकाबाईला मायेनंच ओट्यावर बसवलं, "आता आराम कर" म्हणाले. आता ती आल्यागेल्याला आज कितवी एसटी गेली ते सांगते, आणि तिला कुणी काही विचारत नाही. सोनूबाईला मरणाची भीती नव्हती, त्या ओट्याची होती.

त्याच श्रावणात चिकोंडी आली.

ही पोरगी आफ्रिकेतल्या मलावी देशाची. वय चोवीस, शेतीचं शिक्षण घेतलेली. जालन्याच्या एका बियाणे कंपनीनं तिला हंगामभर क्रॉसिंग शिकायला पाठवलं होतं. आष्टीत खोली घेऊन राहायची, सकाळी काळी-पिवळी जीपनं फाट्यावर उतरायची आणि पाय ओढत चिखलातून यायची. शिकता शिकता रोज संध्याकाळी सगळ्या ओळी तपासून वहीत लिहायचं, हेही काम कंपनीनं तिच्याच गळ्यात घातलं होतं.

पहिल्या दिवशी बायांनी काम सोडून नुसतं पाहत राहणं पसंत केलं. उंच, केसांच्या दोरीसारख्या बारीक वेण्या, आणि रंग आपल्याकडं लग्नाच्या बोलणीत "सावळा" म्हणतात तसा नव्हे, चांगला काळाभोर. सोनूबाई पुढं झाली. पदराचं टोक तांब्यातल्या पाण्यात बुडवलं आणि पोरीचा दंड सरळ घासून पाहिला. रंग काही निघाला नाही. पोरीनं मुकाट्यानं तेच टोक सोनूबाईच्या हातातून घेतलं, परत पाण्यात बुडवलं आणि सोनूबाईचा दंड घासला. मग टोक उजेडाकडं धरून नीट बघितलं आणि मान हलवली. बारा बाया हसून हसून बांधावर बसल्या. सोनूबाईसुद्धा हसली, पण जरा उशिरानं.

सगळं असं गोडगोड झालं नाही, खोटं कशाला सांगा. त्या दिवशी पोरीला पाणी दिलेला पेला सोनूबाईनं सुनेला वेगळा ठेवायला सांगितला. पंधरा दिवसांनी तो बाकीच्या पेल्यांत कधी मिसळला हे तिलाही कळलं नाही. कळलं तेव्हा तिला स्वतःची लाज वाटली, आणि तिनं ते चिकोंडीला सांगूनही टाकलं.

"मला माहीत व्हतं, आजी," चिकोंडी म्हणाली. ती मराठी बायांकडूनच शिकत होती, त्यामुळं बोलायची तीही तशीच. "त्या पेल्याला पोचा व्हता. रोज मलाच पोच्याचा पेला कसा येऊन राह्यला, म्हणलं."

"मंग बोलली का न्हाई?"

"तू बोलशील म्हणून थांबले."

कामात मात्र पोरीचे हाल होते. पहिल्या दुपारी तिनं चाळीस कळ्यांच्या काड्या मोडल्या. "अगं, कोंबडीची मान पिरगाळून राह्यली का?" सोनूबाई ओरडायची. मग तिनं पोरीचं नख वाढवून घेतलं, दगडावर घासायला शिकवलं, तिच्या अंगठ्यावर आपला अंगठा ठेवून शंभर कळ्या सोलून दाखवल्या. गाठही शिकवली. लहानपणी विळ्यानं सोनूबाईच्या डाव्या तर्जनीचं पेर गेलं होतं, त्यामुळं ती दोरा उलटा फिरवून एकाच फासात अडकवायची. तशी गाठ प्लॉटात दुसरी कुणी बांधत नव्हतं. चिकोंडी आपली दुहेरी गाठ मारायची, पोत्याचं तोंड आवळावं तशी.

दोघींची गट्टी जमली. आष्टीच्या बाजारात एका टवाळ पोरानं मोबाइल समोर धरून चिकोंडीला "ए हबशीण" म्हटलं, तेव्हा सोनूबाईनं भर बाजारात त्याचा कान धरला. "तू जल्मला तव्हा तुझी माय तुला पाहून घाबरली न्हाई का रं?" पोरगं बिचारं वांग्यांच्या ढिगावर पडलं.  परतताना जीपमध्ये चिकोंडी म्हणाली, आईबाप लहानपणीच गेले, आपल्याला आजीनं वाढवलं. त्यांच्याकडं आजीला अगोगो म्हणतात. त्या दिवसापासून ती सोनूबाईलाही मधूनमधून अगोगो म्हणायला लागली.

डोळ्यांचं मात्र सोनूबाईनं तिलाही सांगितलं नाही. बोटांवर भरवसा ठेवून ती कळ्या सोलत होती. संध्याकाळी चिकोंडी वही घेऊन ओळीतून फिरायची आणि म्हणायची, "बराबर हाय, आजी." सोनूबाईच्या छातीवरचा दगड उतरायचा. सव्वीस वर्षांची बोटं आहेत, डोळ्यांवाचून काय अडलं? सकाळी तर चिकोंडी तिला ओळीत शिरूच द्यायची नाही. "नर फुलं तूच निवडून आण. तुझ्यासारखी ताजी कुणाला भेटत न्हाईत," म्हणायची. ती फुलं चांगली तळहाताएवढी, हाताला लागायची. सोनूबाई मनातून फुलून जायची आणि टोपली घेऊन निघायची.

भादव्यात महालक्ष्म्या आल्या. जेवणाच्या दिवशी घरोघरी पुरणावरणाचा स्वयंपाक, सोळा भाज्या, बाया कामावर येणार कुठून? पण आदल्या दिवशी सोललेल्या कळ्या महालक्ष्म्यांसाठी थांबत नाहीत. चिकोंडीला कंपनीनं त्याच दिवशी जालन्याला बोलावून घेतलं होतं. तेव्हा सकाळी शीतलला चुलीपाशी सोडून सोनूबाई आणि आणखी तीन बाया शेतात गेल्या, आणि महिन्याभरात पहिल्यांदाच सोनूबाई सकाळी आपल्या स्वतःच्या ओळीत शिरली.

एका हातात नर फूल धरून तिनं दुसऱ्या हातानं पहिला दोरा चाचपला. बोट थांबलं. गाठ दुहेरी होती.

असेल एखादी, म्हणून ती पुढं गेली. दुसरी गाठ तिची. तिसरी दुहेरी. चौथी दुहेरी. दहा झाडांवर तिनं बावीस दोरे मोजले, त्यातले चौदा तिचे नव्हते. कालच्या, परवाच्या दोऱ्यांपाशी गेली, तिथंही तेच. आणि ज्या कळ्या तिनं हातानं सोलल्याचं तिला आठवत होतं, तिथं नुसतं तुटलेलं देठ लागत होतं. तिची कळी खुडून टाकलेली, आणि त्याच झाडाची दुसरी कळी सोलून तिला दोरा बांधलेला. हे कोण करतंय ते विचारायची गरज नव्हती.  सोनूबाईनं तरीही ओळ पुरी केली, घरी गेली, महालक्ष्म्यांपुढं हात जोडले आणि पुरणाची पोळी न खाताच उठली. शीतलनं विचारलं तर म्हणाली, पोट भरलंय.

दुसऱ्या दिवशी बाया परतल्या, चिकोंडीही आली. सोनूबाई नेहमीसारखी बोलली, नेहमीसारखी ओरडली. सहा वाजता बाया निघाल्या तशी तीही निघाली, आणि वाटेवरच्या बाभळीपासून मागं वळली. दिवस बुडायला आला होता. तिच्या ओळीत मोबाइलच्या उजेडाचा एक ठिपका हलत होता.

"काय करून राह्यली, पोरी?"

चिकोंडी दचकून उभी राहिली. "आजी? तू घरी गेल्ती न?"

"किती खुडल्या आज?"

 चिकोंडीनं ओढणीचा खोचा सोडून पुढं धरला. "एकोणीस."

"कव्हापासून चाललंय?"

"पोळ्याच्या आधीपासून."

सोनूबाईनं खोच्यातली एक कळी उचलून बोटांत चुरडली. बोटांच्या टोकांना मागं राहिलेल्या दाण्यांची भुकटी लागली. तिनं हात डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला. हाताला कळत होतं, डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं.

"महिनाभर मला बराबर हाय, बराबर हाय म्हणत राह्यली," ती म्हणाली.  "माझ्यामागं माझं काम निस्तरून राह्यली! मला तोंडावर सांगता येत नव्हतं तुला?"

"दोनदा आल्ते सांगायला. तू म्हणाली, पोरी, नख जप, आपल्याला लई वर्सं काम करायचं हाय. मंग न्हाई सांगता आलं."

"बबलूला सांगायचं मंग."

"न्हाई." हा शब्द तिनं इतक्या जोरात म्हटला की सोनूबाई चपापली. चिकोंडी बांधावर बसली. "माझ्या अगोगोलाबी दिसायचं बंद झाल्तं. पेरताना बी एकीकडं, खड्डा एकीकडं. मी नऊ वर्सांची व्हते. मला वाटलं, सांगितलं की मामा तिला औषध आणील. मी सांगितलं. मामानं तिला घरी बसवलं. ती मला काही बोलली न्हाई, आजी. हळूहळू कुणालाच काही बोलेना झाली. पुढच्या पेरणीला ती नव्हती."

सोनूबाईचा राग तिथंच बसला. पोरगी रडत होती, आणि तिला जवळ घ्यावं असं सोनूबाईला फार वाटलं. पण एक गोष्ट अजून सलत होती, ती विचारल्याशिवाय तिच्यानं राहवेना.

"झाकायचंच व्हतं तर गाठ तरी माझी बांधायची. शिकवली व्हती न? मला जल्मात कळलं नसतं."

"येते मला तुझी गाठ," चिकोंडी नाक पुसत म्हणाली. "पण ती कशी बांधू? ती तुझी सही हाय. वहीत मी खोटं लिहिलं, तुझी सही न्हाई केली. वाटायचं, एखाद्या दिवशी तुझ्या बोटाला कळंल. कळू नये असंबी वाटायचं, म्हणून सकाळी तुला फुलांना धाडायचे." मग तिनं उरलेलं सांगितलं. कंपनीनं काल त्याचसाठी बोलावलं होतं. सोमवारपासून तिला घनसावंगीकडच्या प्लॉटवर जायचं होतं. "मंग ही ओळ कोण बघंल, आजी?"

सोनूबाई बांधावर तिच्या शेजारी बसली. कोण बघेल याचं उत्तर दोघींना माहीत होतं. कुणीच नाही. आठ-पंधरा दिवसांत भेसळीची बोंडं धरतील, प्लॉट नापास होईल, आणि बारा बायांची मेहनत एकीच्या हट्टापायी मातीत जाईल. गप्प बसून आपला ओटा टळत नव्हता, फक्त लांबत होता. तिनं पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. त्या बारीक वेण्या हाताला लागल्या आणि तिला उगाच हसू आलं.

"चल ऊठ," ती म्हणाली. "उद्या मीच सांगते."

सकाळी बाया जमल्या, बबलू पंप पाठीवर घेऊन आला, तेव्हा सोनूबाईनं सगळ्यांच्या देखत सांगून टाकलं. "बबलू, मला दिसत न्हाई. अक्षय तृतीयेपासून. माझ्या ओळी हिनं सांभाळल्या, एक खोटी कळी ठेवली न्हाई. तिला कुणी काही बोलायचं न्हाई."

बबलूनं पंप खाली ठेवला. "माय, आधी का न्हाई सांगितलं?"

"तू ओट्यावर बसवशील म्हणून."

"मी कशाला बसवीन?"

"द्वारकाबाईचा पोरगाबी असंच म्हणला व्हता."

बबलू गोरामोरा झाला. सोनूबाईनं कमरेच्या पिशवीतून दोरा कापायचं ब्लेड काढलं आणि चिकोंडीपुढं धरलं. उजवा अंगठा वर केला. "काप. मला दिसत न्हाई."

 दरवर्षी दिवाळीनंतर, शेवटची कळी झाल्यावर ते नख सोनूबाई स्वतःच्या हातानं कापायची. अर्ध्या हंगामात ते कापलेलं कुणी पाहिलं नव्हतं. चिकोंडीनं अंगठ्याला न लागू देता ते नख अलगद काढलं. सोनूबाईला अंगठा एकदम हलका वाटला, आणि मग मात्र ती सगळ्यांपुढं पोरीच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली.

सोमवारी बबलू तिला जालन्याला घेऊन गेला. जीपमध्ये चिकोंडीही होती. दोघींनी घनसावंगीच्या फाट्यापर्यंत एकमेकींचा हात सोडला नाही. दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं पाठोपाठ झाली. काळा चष्मा लावून सोनूबाई शेवटी ओट्यावर बसलीच, द्वारकाबाईच्या शेजारी. दोघींनी मिळून एसटी मोजल्या. पंधरा दिवसांत एवढं कळलं की द्वारकाबाईला नुसत्या एसटीच नाही, गावातल्या चार पिढ्यांची सोयरीक पाठ आहे, फक्त तिला विचारावं लागतं. सोनूबाईला आधी कधी विचारायचं सुचलं नाही, याचंही तिला वाईट वाटलं.

चिकोंडी डिसेंबरात आपल्या देशी गेली. जाण्याआधी घरी येऊन पोच्याच्या पेल्यातच पाणी मागितलं आणि तो पेला पिशवीत टाकून घेऊन गेली.

मग शिमग्याच्या तोंडाला, एका संध्याकाळी, बबलूनं फोन आणून सोनूबाईच्या हातात दिला. पडद्यावर चिकोंडी होती, मागं लाल माती आणि फुलावर आलेली कपाशी. ते तिच्या अगोगोचं शेत होतं, आणि तिथं आता तिचा प्लॉट होता. कमरेला रंगीत कापडं गुंडाळलेल्या आठ-दहा बाया ओळींत वाकलेल्या. "दिसून राह्यलं का, आजी?" चिकोंडी ओरडली.

"तुझ्या वेण्या सुटल्या ते दिसून राह्यलं. ओरडू नको."

चिकोंडी हसली आणि तिनं फोन एका बाईच्या हातांजवळ नेला. ती बाई चिकोंडीच्याच वयाची असेल, दहाच्या दहा बोटं धडधाकट. तिनं नखानं कळी सोलली, लाल दोरा घेतला, तो उलटा फिरवला आणि एकाच फासात अडकवला. शेजारच्या बाईनंही तसंच केलं. पलीकडच्या म्हातारीनंही.

सोनूबाईनं फोन डोळ्यांजवळ नेला. आता तिला सगळं स्वच्छ दिसत होतं.

"पोरी, तिची बोटं तर शाबूत हाईत," ती म्हणाली. "मंग उलटी काहून बांधून राह्यली?"

"इथं सगळ्या अशीच बांधतात, आजी. मी शिकवताना सांगितलं, रीत हीच."

 डॉक्टरनं डोळे चोळायचे नाहीत म्हणून बजावलं होतं, म्हणून सोनूबाईनं ते तसेच वाहू दिले. डाव्या हाताचं अर्धं बोट तिनं उगाच अंगठ्यानं चाचपलं. उजव्या अंगठ्याचं नख चांगलं वाढलं होतं.

"तिला म्हणावं, फास जरा ढिल्ला ठेव," ती म्हणाली. "देठ कापतो."